जुन्या एमएक्स-५ चं फ्युएल प्रेशर घरच्या घरी, पण सुरक्षितपणे कसं तपासावं?

घाटवळण

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९९१ सालची माझदा एमएक्स-५ आहे, दोन सीटची, टप उघडता येणारी. १.६ लिटर इंजिन, पॉपअप हेडलाइट, उजवीकडे स्टिअरिंग. काका इंग्लंडहून कायमचे परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर आली, आता मी सांभाळतो. पत्रा, टप, गिअरबॉक्स सगळं उत्तम आहे. तक्रारी दोन.

एक, सिंहगडाच्या घाटात दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावला की साडेचार हजारांच्या पुढे गाडी अडखळते. पाय जरा उचलला की पुन्हा सुरळीत. सपाटीवर हायवेला काहीच त्रास नाही. दुसरी, तापलेलं इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत स्टार्ट व्हायला सेल्फ खूप वेळ मारावा लागतो. सकाळी थंड असताना मात्र फारसा त्रास नाही.

प्लग, वायरी, एअर फिल्टर नवीन आहेत. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी चावी ऑन केली, मागे कान लावला आणि सांगितलं, "पंपाचा आवाज नाही. पंप गेला. टाकी उतरवावी लागेल." प्रेशर कुणी मोजलंच नाही. मला पंपावर खर्च करण्याआधी गेजवरचा आकडा बघायचा आहे. पण या गाडीच्या फ्युएल रेलवर (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीवर) गेज लावायला व्हॉल्व्ह दिलेला नाही, म्हणजे पाइप सोडवणं आलं. पेट्रोलशी खेळ असल्यामुळे घरून परवानगी मिळालेली नाही. कुणी स्वतः केलंय का? सोसायटीच्या पार्किंगमध्ये करता येईल का?

सदाशिव_तीस

बाकीचं जाणकार सांगतील. पार्किंगमध्ये करू नका, एवढं आधी लिहून ठेवतो. आमच्याकडे पार्किंगच्या एका भिंतीला सगळ्या बिल्डिंगचे वीजमीटर आहेत, शेजारी पाण्याच्या पंपाचा स्टार्टर. तो केव्हा ठिणगी टाकेल हे आपल्या हातात नसतं. आणि थंडीत वॉचमन पहाटे कोपऱ्यात शेकोटी करतो.

कार्ब_काका

एवढं काय त्यात? आमच्या फिएटला पंपाच्या पुढे टी (तीन तोंडांचा जोड) घालून गेज लावलं की झालं. पाच मिनिटांचं काम. माझ्याकडे गेज आहे, हवं तर घेऊन जा. कोथरूडलाच असतो.

भोसरीकर

काका, तुमचं गेज किती पीएसआयचं आहे?

कार्ब_काका

पंधरा.

भोसरीकर

मग ते या गाडीला लावू नका, कृपा करून. तुमच्या फिएटच्या मेकॅनिकल पंपाचं प्रेशर असतं तीन-चार पीएसआय. ही इंजेक्शनची गाडी आहे, इथे चाळीसच्या आसपास असतं. पंधराचं गेज तिथे फाटेल आणि आतलं पेट्रोल फवाऱ्यासारखं इंजिनवर उडेल. कार्बोरेटरच्या गाडीत पाइप निसटला तर पेट्रोल ठिबकतं, इंजेक्शनमध्ये त्याचा फवारा होतो. सगळी काळजी आहे ती या फरकासाठी.

संध्याकाळी सविस्तर लिहितो.

नटबोल्ट

घाटवळण, गॅरेजवाल्यांच्या निदानात एक गडबड आहे. १.६ च्या एमएक्स-५ मध्ये चावी ऑन केल्यावर पंप चालतच नाही. बऱ्याच इंजेक्शन गाड्यांत दोन सेकंद गुंईऽऽ असा आवाज येतो, त्या सवयीने ते कान लावून बसले. या गाडीत एअरफ्लो मीटरच्या (इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या भागाच्या) आत एक झडप आहे, हवा खेचली गेली की ती उघडते आणि तिच्यावरचा स्विच पंपाच्या रिलेला चालू करतो. किंवा सेल्फ मारताना पंप चालतो. निव्वळ चावी ऑन असताना शांतता हीच तिची बरोबर अवस्था आहे. खात्री करायची असेल तर एअर फिल्टर काढून, चावी ऑन ठेवून, ती झडप बोटाने हलकेच ढकला. मागून आवाज आला तर पंप निदान फिरतोय.

घाटवळण

@नटबोल्ट, आत्ताच खाली जाऊन पाहिलं. झडप ढकलली आणि सीटच्या मागून स्पष्ट आवाज आला! खूप आभार.

रसायनी

मी केमिस्ट्री शिकवते, गाडीतलं फारसं कळत नाही. पण सदाशिव_तीस यांच्या मुद्द्याला जोड द्यावीशी वाटते, कारण लोक पेट्रोल "ओतलं तर पेटतं" एवढंच समजतात. पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट साधारण उणे ४३ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे पुण्यातल्या कडाक्याच्या थंडीतही त्याच्यावर पेटू शकेल इतकी वाफ कायम असते. ही वाफ हवेपेक्षा तीन ते चार पट जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते, तळघरात, गॅरेजच्या खड्ड्यात, जिन्याखाली साचते. आणि हवेत जेमतेम दीड टक्का वाफ झाली की ठिणगी पुरते. त्यामुळे वास येत नाही म्हणजे धोका नाही असं उभ्या माणसाने ठरवू नये. नाक पाच फुटांवर असतं, वाफ घोट्याशी.

म्हणून उघड्या मैदानात, वारा असलेल्या जागी. सुती कपडे घाला, सिंथेटिकमुळे कोरड्या हवेत स्थिर वीज तयार होते. पिवळ्या बल्बचा हँडलॅम्प नको. बल्ब फुटला की आतली तार उघडी पडते. एलईडी टॉर्च वापरा, आणि ती चालू-बंदही लांबच करा.

मुळाकाठ

+१ रसायनी. वाचनखूण साठवली.

भोसरीकर

आता सविस्तर. हायड्रॉलिक होजच्या धंद्यात आयुष्य गेलं, त्यामुळे प्रेशरखालचा पाइप म्हणजे काय ते रोज बघतो.

आधी सामान. गेज शून्य ते शंभर पीएसआयचं, म्हणजे साधारण सात बारपर्यंत. तुमचा आकडा त्याच्या मध्यावर येतो, तिथे गेज सगळ्यात खरं बोलतं. टी पितळी, बार्बवाला घ्या. एअर कॉम्प्रेसरचा निळा पाइप, फिश टँकचा टी, पारदर्शक नळी यातलं काहीही नको. होज घेताना वर छापलेलं वाचा. इंजेक्शनसाठी एसएई जे३० आर९ लिहिलेला हवा, आर७ हा कार्बोरेटरच्या कमी प्रेशरचा. नाना पेठेत दोन्ही एकाच स्टँडवर टांगलेले असतात आणि दिसायला सारखे, दुकानदार घाईत असला तर कुठलाही कापून देईल. क्लॅम्प गुळगुळीत पट्टीचे, ज्यांच्या कडा बाहेर वळलेल्या असतात ते. खाचा असलेल्या साध्या क्लॅम्पने रबर कापलं जातं.

गेज आणि टी घरीच जोडून घ्या आणि गाडीला लावण्याआधी पंक्चरवाल्याच्या हवेवर, पाण्यात बुडवून तपासा. बुडबुडा आला तर तिथेच कळेल.

आता गाडी. इंजिन पूर्ण थंड हवं, म्हणजे रात्रभर उभी असलेली. एक्झॉस्ट तापलेला असताना पेट्रोलचा पाइप सोडवायचा नाही, मग कितीही घाई असो. पेट्रोलचं झाकण उघडून टाकीतलं प्रेशर सोडा आणि परत लावा. मग लाइनमधलं प्रेशर काढायचं. इंजिन चालू करून पंपाचा रिले काढा, माझदा त्याला सर्किट ओपनिंग रिले म्हणते, तो डॅशखाली आहे. इंजिन काही सेकंदांत आपोआप बंद पडेल. पुन्हा दोन-तीन सेकंद सेल्फ मारा. चावी काढा, रिले परत बसवा. त्यानंतर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. या गाडीत बॅटरी डिकीत असते, त्यामुळे इंजिनपासून लांब ठिणगी पडेल असं वाटतं, पण टाकी तिथून हातभर अंतरावर आहे. म्हणून बॅटरीची वायर पाइप सोडवायच्या आधी काढायची आणि परत लावायची ती सगळे जोड घट्ट करून, सांडलेलं पुसून, ती फडकी लांब नेऊन ठेवल्यावर.

प्रेशर काढलं तरी पाइपमध्ये पेट्रोल असतंच. जोडाभोवती फडकं गुंडाळा, चष्मा आणि नायट्राइलचे हातमोजे घाला, पाइप हळूहळू पिळत काढा. टी फीडच्या, म्हणजे टाकीकडून पेट्रोल आणणाऱ्या पाइपवर, रेलच्या आधी.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, दुसरा माणूस हवाच. त्याचं काम दोनच गोष्टींचं. एक हात चावीवर, दुसरा अग्निशामकावर. एबीसी पावडरचा किंवा सीओटू. पाण्याची बादली ठेवू नका, पाण्याने पेट्रोल तरंगत पसरतं.

ओहायोकर

भोसरीकरांनी छान लिहिलंय. मी इकडे याच मॉडेलची गाडी चालवतो, म्हणून आकडे देतो.

इंजिनच्या खोलीत 'डायग्नोसिस' असं झाकणावर लिहिलेला छोटा काळा डबा आहे. त्यात एफ/पी आणि जीएनडी अशी दोन टर्मिनल आहेत. चावी बंद असताना ती दोन्ही वायरच्या तुकड्याने जोडा आणि मग चावी ऑन करा. इंजिन बंद असतानाच पंप चालू होतो. वायर आधी, चावी नंतर, म्हणजे डब्यात ठिणगी पडत नाही. थंड इंजिनवर, पट्टे-पंखे काही फिरत नसताना लाइनमध्ये पूर्ण प्रेशर येतं. गळती असेल तर याच वेळी दिसू दे. कोरडा टिश्यू प्रत्येक जोडावरून फिरवा, ओला झाला की मदतनिसाने चावी बंद करायची. हे झाल्याशिवाय इंजिन चालू करू नका.

आकडे असे: रेग्युलेटरची (प्रेशर ठरावीक ठेवणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी काढलेली असताना ३८ ते ४६ पीएसआय, म्हणजे साधारण २.६५ ते ३.१५ बार. नळी लावून आयडलला (ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू) ३० ते ३८. पंप बंद केल्यावर पाच मिनिटांनी किमान २१ पीएसआय शिल्लक असायला हवं. हा शेवटचा आकडा लोक बघतच नाहीत, आणि घाटवळण यांची गरम स्टार्टची तक्रार बहुतेक तिथेच सापडेल. नटबोल्ट म्हणाले तसं, चावी ऑनवर या गाडीत पंप चालत नाही. म्हणजे लाइनमध्ये उरलेलं प्रेशर गेलं तर ते भरून काढायला सेल्फ मारण्याशिवाय मार्ग नाही.

नटबोल्ट

अगदी बरोबर. आणि हे गेज न लावताही पडताळता येईल. गरम गाडी बंद करून पंधरा मिनिटांनी, सेल्फ मारण्याआधी, एफ/पी आणि जीएनडी जोडून पाच सेकंद चावी ऑन ठेवा. मग चावी बंद करून वायर काढा आणि स्टार्ट करा. पटकन लागली तर प्रेशर टिकत नाही हे सिद्ध.

वेताळटेकडी

व्हॅक्यूमची नळी काढाल तेव्हा तिचा वास घ्या, आत ओलसर असेल तर रेग्युलेटरचा पडदा फाटलाय. आणि ओहायोकर आपल्यापेक्षा कमी उंचीवर, आपण ५६० मीटरवर. आयडलचा आकडा किंचित वर दिसला तर घाबरू नका, हवेचा दाब कमी असल्याने इथे व्हॅक्यूम थोडा कमीच मिळतो.

कार्ब_काका

भोसरीकर, मुद्दा पटला. माझं गेज माझ्याकडेच ठेवतो. पण एक शंका. घाटात अडखळते ती उभ्या गाडीत कशी दिसणार? गच्चीवरची टाकी अर्धी असली तरी एक नळ सोडला तर धार बरोबरच येते, सगळ्या मजल्यांनी नळ सोडल्यावर कळतं. मग गेज लांब होजने काचेवर, वायपरखाली अडकवून घाटातच का जाऊ नये? आमच्या वेळी रॅलीवाले करायचे.

भोसरीकर

काका, शंका शंभर टक्के योग्य आहे, उपाय मला मान्य नाही. बॉनेटच्या फटीतून बाहेर काढलेला होज कडेवर घासतो, वळणावर हलतो, आणि आत चाळीस पीएसआयचं पेट्रोल. तुटला तर काचेवर आणि खाली तापलेल्या एक्झॉस्टवर. एमएक्स-५ चा टप उघडा असेल तर अंगावर. रस्त्यावर दुसऱ्या माणसालाही काही करता येत नाही.

वेताळटेकडी

मी इथे काकांच्या बाजूने. नीट शील्ड केलेला, स्टीलच्या जाळीचा होज आणि क्रिंप केलेले जोड असतील तर लोडखाली मोजणं हीच खरी चाचणी आहे. उभ्या गाडीचा आकडा अर्धी गोष्ट सांगतो.

ओहायोकर

तिसरा मार्ग आहे. इलेक्ट्रॉनिक प्रेशर सेन्सर टी ला लावायचा, तो इंजिनच्या खोलीतच राहतो, केबिनमध्ये फक्त वायर येते. पेट्रोल बॉनेटच्या बाहेर जातच नाही. मी तसंच करतो. पण घाटवळण यांनी आधी फिल्टर बदलावा असं माझं मत. तो पाठीमागच्या उजव्या चाकाच्या पुढे गाडीखाली, झाकणाच्या आड असतो, म्हणून वर्षानुवर्षं कुणी हात लावत नाही. आणि पंपाच्या कनेक्टरवर पंप चालू असताना व्होल्टेज मोजा. बॅटरीपेक्षा एक व्होल्टहून जास्त पडत असेल तर वायरिंग बघायला हवं.

सदाशिव_तीस

विषय निघालाच आहे तर: ई२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल आल्यापासून जुने रबरी पाइप लवकर जातात हे खरं का? माझी १९९८ ची सेडान आहे.

रसायनी

इथेनॉलमुळे काही जुन्या प्रकारचं रबर फुगतं आणि मऊ पडतं, काही पुढे तडकतं. १९९१ चा मूळ पाइप या मिश्रणासाठी बनवलेला नाही, त्यामुळे तो शंकास्पद समजूनच वागावं. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. महिनोन्महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत त्याचा त्रास जास्त.

भोसरीकर

+१. घाटवळण, पाइप सोडवालच तेव्हा जुना परत लावू नका. फीड आणि रिटर्न (टाकीकडे परत जाणारा) दोन्ही बदला.

मुळाकाठ

धागा वाचून सिंहगडावरची पिठलं-भाकरी आठवली. गाडी दुरुस्त झाली की सगळे तिथेच भेटू. कांदाभजी माझ्याकडून.

घाटवळण

मंडळी, रविवारी सकाळी झालं एकदाचं. मित्राच्या वाघोलीच्या मोकळ्या प्लॉटवर गाडी आदल्या संध्याकाळीच नेऊन ठेवली. मित्र चावीवर बसला, मांडीवर अग्निशामक. घरून परवानगी मिळाली ती भोसरीकरांचा प्रतिसाद आईला वाचून दाखवल्यावर!

पाइप सोडवताना फडकं जेमतेम ओलं झालं, फवारा वगैरे काही नाही. फीडचा जुना पाइप बाहेरून काळाभोर, ठीकठाक वाटत होता. क्लॅम्पच्या शेजारी दुमडून पाहिला तर नखाएवढ्या पट्ट्यात बारीक बारीक भेगा, एका भेगेत तर आतले धागे दिसत होते. गेजचा आकडा मिळाला नसता तरी एवढ्यासाठी हे काम करायलाच हवं होतं.

एफ/पी जोडून पंप चालू केला. टी च्या रेलकडच्या क्लॅम्पखाली टिश्यूला रुपयाएवढा डाग आला. चावी बंद, क्लॅम्प आवळला, पुसलं, सुकू दिलं, पुन्हा चालू केलं. मग कोरडं.

आकडे: इंजिन बंद, पंप चालू, ४१ पीएसआय. आयडलला ३४. व्हॅक्यूमची नळी काढून ४१. नळी आतून कोरडी, वास नाही. म्हणजे रेग्युलेटर ठीक, पंपातही दम आहे. पण पंप बंद केल्यावर काटा बघता बघता खाली आला, पाच मिनिटांनी ९.

आता पुढे काय तपासू?

ओहायोकर

सुंदर! आता प्रेशर कुठून निसटतंय ते शोधा. पंप चालवून बंद करा आणि लगेच रिटर्नचा नवा पाइप गुळगुळीत जबड्याच्या होज क्लॅम्पने दाबा. काटा थांबला तर रेग्युलेटर. नाही थांबला तर पुन्हा पंप चालवा, बंद करा आणि या वेळी फीड दाबा, गेजच्या अलीकडे टाकीच्या बाजूला. थांबला तर पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह, जो पेट्रोल टाकीकडे परत जाऊ देत नाही. दोन्ही वेळा काटा उतरत राहिला तर इंजेक्टर गळतायत. पंप चालू असताना रिटर्न दाबून ठेवू नका, प्रेशर दुपटीच्या आसपास जाऊ शकतं.

भोसरीकर

नवा पाइप म्हणून चालेल. जुना कधीही दाबू नये, दाबला तिथेच तडकतो.

घाटवळण

केलं. रिटर्न दाबून फरक नाही. फीड दाबल्यावर काटा ३६ वर जवळजवळ थांबला. म्हणजे पंपातला व्हॉल्व्ह.

आणि फिल्टर बदलला. जुना काढून आतलं पेट्रोल पत्र्याच्या डब्यात उलटं ओतलं, तर पहिली धार चहाच्या रंगाची, तळाला तांबूस गाळ. नवीन फिल्टरनंतर सिंहगडाचा घाट चढून आलो. साडेसहा हजारांपर्यंत कुठेही अडखळली नाही. गेज काचेवर न लावताच प्रश्न सुटला. पंपाच्या कनेक्टरवर व्होल्टेज बॅटरीपेक्षा जेमतेम अर्ध्या व्होल्टने कमी आहे. नटबोल्ट यांची एफ/पी युक्ती गरम गाडीवर केली, एका झटक्यात स्टार्ट झाली.

म्हणजे पंप बदलावा लागणारच.

कार्ब_काका

म्हणजे गॅरेजवाल्याचं म्हणणं बरोबरच निघालं की!

नटबोल्ट

नाही काका. त्याने सांगितलं पंप चालत नाही. पंप चालतो, प्रेशर देतो, फक्त बंद झाल्यावर धरून ठेवत नाही. त्याच्या सांगण्यावरून बदलला असता तर फिल्टर तसाच राहिला असता, घाटातला त्रास तसाच राहिला असता, आणि तो तडकलेला पाइप अजून बॉनेटखाली असता.

कार्ब_काका

हे मान्य. पाइपचं ऐकून मीसुद्धा आज फिएटचे सगळे पाइप दुमडून बघितले. एक बदलायला काढलाय.

घाटवळण

पंपासाठी टाकी उतरवायची भीती वाटतेय. लिफ्ट लागेल ना?

ओहायोकर

टाकी उतरवायची गरजच नाही. सीटच्या मागे जो पार्सल शेल्फ आहे त्याचा गालिचा उचला, खाली स्क्रूने बसवलेलं झाकण आहे, पंप त्याच्या वरूनच निघतो. पंपाबरोबर तळाची जाळी आणि वरचं गॅस्केट नवीन घ्या.

भोसरीकर

आणि टाकीत पेट्रोल पाव भागाहून कमी असताना करा. तेच सगळं पुन्हा: थंड गाडी, लाइनचं प्रेशर काढून, बॅटरी सोडून, उघड्यावर. इथे टाकीचं तोंड थेट केबिनमध्ये उघडतं, त्यामुळे टप पूर्ण खाली, दोन्ही दारं सताड उघडी, आणि वाफ सीटच्या खाली साचते हे लक्षात ठेवून झाकण लावल्यावरही तासभर तशीच ठेवा. आतला लाइट दार उघडल्यावर लागतो, बॅटरी काढलेली असेल तर तोही प्रश्न येत नाही. वाघोलीचा प्लॉट पुन्हा मिळत असेल तर कळवा, पुढच्या रविवारी मी येतो. माझ्याकडचा अग्निशामक मोठा आहे.